पाचशे ग्रॅमचे पिस्तूल: दीड वर्षाच्या रोजच्या वापरानंतर

दीड वर्षापूर्वी मी माझे जुने पोलादी पिस्तूल तिजोरीत ठेवले आणि त्याच्या निम्म्या वजनाचे नवे पिस्तूल रोज बाळगायला घेतले. जुने रिकामे असताना ९८० ग्रॅम भरत असे आणि मॅगझिन भरले की किलोच्या बरेच वर जात असे. ते उत्तम होते, अचूक होते, आणि चार वर्षांत त्याने मला एकदाही दगा दिला नव्हता. पण बाळगण्याचा परवाना आणि कारण दोन्ही असूनही आठवड्यातून चार दिवस ते घरीच राहत असे, कारण दिवसभर कमरेला ओढ बसून संध्याकाळी पाठ दुखत असे. सोबत नसलेल्या पिस्तुलाची अचूकता काही उपयोगाची नाही, हे मान्य करायला मला फार वेळ लागला. नवे पिस्तूल घेतले तेव्हा सगळा प्रश्न वजनाचाच आहे आणि वजन उतरले की तो सुटेल, अशी माझी समजूत होती. ती अर्धीच खरी ठरली, आणि उरलेल्या अर्ध्याविषयी मला येथे सविस्तर लिहायचे आहे.

पिस्तूल कोणत्या कंपनीचे आहे ते मी मुद्दाम लिहीत नाही, कारण मला आलेले बहुतेक अनुभव या आकाराच्या आणि वजनाच्या जवळपास प्रत्येक पिस्तुलाला लागू पडतात. कॅलिबर ९ मिलिमीटर, नळी साधारण ७९ मिलिमीटर लांबीची, सांगाडा पॉलिमरचा, मॅगझिनमध्ये १० काडतुसे आणि रिकामे वजन मॅगझिनसह ५०० ग्रॅम. ९ मिलिमीटरचे एक काडतूस साधारण १२ ग्रॅमचे असते, म्हणून मॅगझिन पूर्ण भरल्यावर सव्वासहाशे ग्रॅमच्या आसपास वजन होते. पिस्तूल हाताळण्यापूर्वी ते वजनकाट्यावर ठेवून पाहावे, असे मी प्रत्येकाला सुचवीन, कारण जाहिरातीतला आकडा बहुधा रिकाम्या पिस्तुलाचा असतो आणि आपण बाळगतो ते भरलेले.

इतके लहान पिस्तूल ९ मिलिमीटरचे काडतूस कसे झेलते, याचे कुतूहल मला सुरुवातीपासून होते. जुन्या खिशातल्या पिस्तुलांपैकी अनेकांत, उदाहरणार्थ वॉल्थर पीपीकेमध्ये, नळी सांगाड्याला पक्की बसवलेली असते आणि गोळी बाहेर पडेपर्यंत स्लाइडला, म्हणजे नळीवरच्या मागेपुढे सरकणाऱ्या भागाला, थोपवून धरण्याचे काम स्लाइडचे वजन आणि स्प्रिंग एवढ्यांवरच असते. ही रचना सोपी आहे, पण जोरदार काडतूस वापरायचे तर स्लाइड जड करावी लागते. माझ्या पिस्तुलात, आणि आजच्या या वर्गातल्या बहुतेक पिस्तुलांत, अमेरिकन शस्त्ररचनाकार जॉन ब्राउनिंग यांनी रूढ केलेली पद्धत आहे: नळी आणि स्लाइड सुरुवातीला एकमेकींत अडकून थोडे अंतर बरोबर मागे सरकतात, मग नळीचे मागचे टोक खाली झुकते, अडकण सुटते आणि स्लाइड एकटी मागे जाते. तेवढ्या वेळात गोळी निघून गेलेली असते आणि दाब उतरलेला असतो. या पद्धतीला पॉलिमरच्या सांगाड्याची जोड मिळाली तेव्हा खरे वजन उतरले. हेक्लर उंड कॉखच्या व्हीपी७० या पिस्तुलात १९७० मध्येच पॉलिमरचा सांगाडा आला होता, पण ऑस्ट्रियाच्या सैन्याने १९८२ मध्ये ग्लॉक १७ स्वीकारल्यानंतर ही कल्पना सर्वत्र पसरली. पुढे २०१८ मध्ये आलेल्या सिग सॉअरच्या पी३६५ने अरुंद मुठीत १० काडतुसे बसवून दाखवली. त्यापूर्वी या आकारात सहा-सात काडतुसांवर समाधान मानावे लागत असे.

पहिल्या दिवशी रेंजवर गेले तेव्हा मी पूर्ण आत्मविश्वासाने गेले. जुन्या पिस्तुलाने सात मीटरवरून १० गोळ्या तळहाताएवढ्या जागेत बसवण्याची मला सवय होती. नव्या पिस्तुलाच्या पहिल्या १० गोळ्या जवळपास २५ सेंटिमीटरमध्ये विखुरल्या, त्यातल्या सहा खाली आणि डावीकडे गेल्या, आणि चौथ्या गोळीनंतर रिकामी पुंगळी बाहेर पडण्याऐवजी खिडकीत, म्हणजे स्लाइडमधल्या ती बाहेर पडण्याच्या फटीत, उभी अडकली. ५० गोळ्या झाडून झाल्या तेव्हा अंगठ्याच्या बेचक्यातली कातडी लाल झाली होती आणि मला आणखी एकही बार काढण्याची इच्छा उरली नव्हती. घरी परतताना आपण चुकीची वस्तू घेतली, याची मला जवळपास खात्री पटली होती.

पुढच्या आठवड्यात माझ्या प्रशिक्षक बाईंनी त्याच पिस्तुलाने, माझ्याच डब्यातली काडतुसे घेऊन, दोन मॅगझिन रिकामी केली. एकही अडथळा आला नाही आणि सगळ्या गोळ्या जेथे जायच्या तेथेच गेल्या. मला ते पाहून वाईट वाटले, पण दोष पिस्तुलात नाही हे तेथेच कळले. त्या म्हणाल्या, "तुम्ही हे जुन्या पिस्तुलासारखे धरता आहात. त्याचे वजन तुमच्यासाठी काम करत होते. इथे ते काम तुम्हाला करायचे आहे." त्यानंतरचे तीन महिने मी त्यांचे हेच बोलणे समजून घेण्यात घालवले.

धक्क्याचा हिशेब सरळ आहे. साडेसात ग्रॅमची गोळी सेकंदाला सव्वातीनशे मीटरच्या आसपास वेगाने नळीतून बाहेर पडते, त्यामागून जळालेल्या दारूचा वायू सुटतो, आणि या दोहोंचा मिळून जो संवेग तयार होतो तेवढाच संवेग पिस्तुलाला उलट दिशेने मिळतो. काडतूस तेच असेल तर हा संवेग जवळपास तोच राहतो. परंतु पिस्तुलाचे वजन निम्मे असेल तर त्याचा मागे येण्याचा वेग दुप्पट होतो, आणि हाताला सोसावी लागणारी ऊर्जाही दुप्पट होते. आकडेमोड करून पाहिली तेव्हा माझ्या पिस्तुलासाठी ही ऊर्जा साधारण आठ ज्यूल आली, जुन्यासाठी चारच्या थोडी वर. मनगट मोडेल इतकी ती नाही. मात्र हाताला ती आधीच ठाऊक झालेली असते, आणि तिच्या धास्तीने हात बार होण्यापूर्वीच पिस्तूल खाली ढकलतो. उजव्या हाताने नेमबाजी करणाऱ्याच्या गोळ्या खाली आणि डावीकडे जाण्याचे हे सर्वांत नेहमीचे कारण आहे.

दुसरी गोष्ट माझ्या ध्यानात त्याहून उशिरा आली, आणि मला ती धक्क्यापेक्षाही महत्त्वाची वाटते. माझ्या पिस्तुलाचा चाप ओढायला साधारण अडीच किलोचा जोर लागतो. जुन्यालाही तेवढाच लागत असे. परंतु एक किलोच्या वस्तूवर अडीच किलोचा जोर लावणे आणि अर्ध्या किलोच्या वस्तूवर तो लावणे, या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. जड पिस्तूल आपल्या जडत्वाने जागच्या जागी टिकते; हलके पिस्तूल बोटाच्या किंचित तिरक्या ओढीनेही सरकते. त्यात पुढच्या आणि मागच्या साइटमधले, म्हणजे नेम धरायच्या दोन खुणांमधले, अंतर कमी. माझ्या पिस्तुलात ते १३० मिलिमीटर आहे. पुढची साइट, जिला जुन्या मराठीत माशी म्हणत, ती एक मिलिमीटरने जरी बाजूला गेली, तरी दहा मीटरवर गोळी साडेसात सेंटिमीटरहून अधिक चुकते. जुन्या पिस्तुलात हे अंतर १६५ मिलिमीटर होते आणि तीच चूक सहा सेंटिमीटरवर थांबत असे. म्हणजे चूक घडण्याची शक्यता वाढली आणि घडलेल्या चुकीची शिक्षाही वाढली. हलके पिस्तूल नवशिक्याला सोपे जाते, असे अनेकदा सुचवले जाते. माझ्या अनुभवाने मी त्याला ठाम असहमत आहे. हातात घ्यायला ते सोपे आहे, झाडायला अवघड आहे, आणि नेमबाजी शिकण्यासाठी तर मी ते कोणालाही सुचवणार नाही.

पुंगळी अडकण्याचे कारणही हातातच होते. स्लाइडला पूर्ण मागे जायचे असेल तर सांगाडा स्थिर राहायला हवा. मनगट सैल असेल तर सांगाडाही स्लाइडबरोबर मागे येतो, दोहोंमधली सापेक्ष हालचाल कमी पडते, स्लाइड अर्धवट मागे जाऊन परतते आणि पुंगळी खिडकीत चिमटते. जड पिस्तूल सैल मनगटही सांभाळून घेते, कारण त्याच्या सांगाड्याला स्वतःचे जडत्व असते. मी नोंदवही ठेवली होती: पहिल्या २०० गोळ्यांत चार वेळा असे झाले, चारही वेळा माझ्या हातात, आणि त्यातल्या तीन वेळा सरावाच्या अखेरीस, हात दमलेले असताना. अडथळा दूर करण्याची रीत, म्हणजे मॅगझिनच्या बुडाला तळहाताने ठोका देऊन स्लाइड पूर्ण मागे ओढून सोडणे, मी याच काळात शिकले.

पकड दुरुस्त करण्यात सर्वाधिक वेळ गेला. मूठ आखूड असल्यामुळे करंगळीला जागा मिळत नव्हती. मॅगझिनला बूड वाढवणारा तुकडा लावल्यावर ती टेकली आणि पकड एकदम बदलली, पण त्यामुळे मूठ एक सेंटिमीटरने लांबली आणि लपवण्याच्या सोयीत तेवढी घट झाली. मला हा सौदा मान्य आहे. उजवा हात स्लाइडखाली जितका वर जाईल तितका वर न्यायचा, डाव्या हाताचा तळवा मुठीच्या उरलेल्या जागेत पूर्ण टेकवायचा, आणि आवळण्याचा मोठा भाग डाव्या हाताकडे सोपवायचा, म्हणजे उजवी तर्जनी मोकळी राहते. हे लिहायला तीन ओळी पुरतात. हाताला पटायला मला दोन महिने लागले.

या दोन महिन्यांत मी रेंजवर फार कमी गोळ्या झाडल्या आणि घरी कोरडा सराव खूप केला. जिवंत काडतुसे दुसऱ्या खोलीत, पिस्तूल दोनदा तपासलेले, चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या, काडतूस बसण्याच्या जागेत) डमी काडतूस, आणि समोर गोळी अडवू शकेल अशी भिंत, ही व्यवस्था मी एकदाही सोडलेली नाही. माशीमागे स्लाइडवर एक नाणे ठेवायचे आणि ते न पाडता चाप ओढायचा. पहिल्या दिवशी दहापैकी सात वेळा नाणे पडले. रेंजवर प्रशिक्षक बाई माझ्या नकळत मॅगझिनमध्ये एक-दोन डमी काडतुसे मिसळून देत; मी चाप ओढला की बार न होता पिस्तुलाचे तोंड झटक्याने खाली जाई आणि माझी धास्ती मला स्वतःच्या डोळ्यांनी दिसे. तोवर मी असे काही करत नाही, असे मी प्रामाणिकपणे सांगत आले होते. तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस सात मीटरवरचा पसारा १० सेंटिमीटरपर्यंत आला. जुन्या पिस्तुलाइतका तो आजही नाही, आणि तो होईल अशी माझी अपेक्षाही नाही.

स्लाइड ओढण्याविषयी वेगळे लिहायला हवे, कारण माझे हात लहान आहेत आणि लहान पिस्तूल लहान हातांना सोपे, हा समज येथे पुरता फसतो. हलक्या स्लाइडला आवरण्यासाठी स्प्रिंग कडक असते आणि पकडायला जागा थोडी असते. दोन बोटांच्या चिमटीत धरून ओढायचा प्रयत्न मी सोडून दिला. आता पिस्तूल छातीजवळ घेते, डावा तळहात वरून स्लाइडवर घट्ट बसवते, आणि स्लाइड मागे ओढण्याऐवजी उजव्या हाताने सांगाडा पुढे ढकलते. जोर दंडातून आणि खांद्यातून येतो. मात्र या हालचालीत पिस्तुलाचे तोंड नकळत डावीकडे वळते, आणि शेजारी कोणी उभे असेल तर ते त्याच्याकडे वळते. म्हणून मी आधी स्वतः वळून उभी राहते. अमेरिकन नेमबाजी प्रशिक्षक जेफ कूपर यांनी सांगितलेल्या सुरक्षेच्या चार नियमांपैकी, जे नष्ट करण्याची तयारी नाही त्याच्याकडे तोंड वळू द्यायचे नाही हा नियम, मोठ्या पिस्तुलापेक्षा लहान पिस्तुलात मोडणे फार सोपे आहे. नळी इतकी आखूड असते की मनगटाच्या थोड्या हालचालीने ती सगळी खोली फिरून येते.

आता बाळगण्याविषयी. त्या बाबतीत पिस्तुलाने जे वचन दिले होते ते पूर्णपणे पाळले आहे. पहिल्या आठवड्यात मी सवयीने कमरेला हात लावून ते आहे ना, हे तपासत असे. बसताना, वाकताना, गाडी चालवताना ते टोचत नाही, आणि दीड वर्षात पाठदुखी परतलेली नाही. परंतु हलके आहे म्हणून पिशवीत किंवा खिशात नुसते टाकावे, असा जो मोह होतो तो घातक आहे. चापाचा पूर्ण भाग झाकणारे कडक होल्स्टर, म्हणजे पिस्तुलाचे म्यान, हवेच. पहिले होल्स्टर मी मऊ कापडाचे घेतले होते. पिस्तूल काढल्यावर होल्स्टरचे तोंड मिटत असे, आणि परत ठेवताना कापडाची कड चापाच्या कोंदणात शिरू शकते हे दिसल्यावर मी ते त्याच दिवशी बाद केले. आताचे कायडेक्स या कडक प्लास्टिकचे आहे. पिस्तूल आत ठेवताना मी थांबते, खाली पाहते, बोट चापापासून दूर सरळ ठेवते आणि सावकाश सरकवते. पिस्तूल परत ठेवण्याची घाई करण्याचे कोणतेही कारण मला आजवर सापडलेले नाही. पट्टाही कडक घ्यावा लागला. नेहमीच्या मऊ पट्ट्यावर हलके पिस्तूलसुद्धा डुलते.

चेंबरमध्ये काडतूस ठेवून बाळगायचे की नाही, यावर मी पहिले दोन महिने निर्णय घेतला नाही आणि चेंबर रिकामे ठेवले. होल्स्टरवर विश्वास बसला, बोटाची शिस्त अंगवळणी पडली, आणि माझ्या लहान हातांनी घाईत स्लाइड ओढणे किती अनिश्चित आहे हे सरावात पाहिले, तेव्हा मी ते भरून बाळगू लागले. प्रत्येकाने असेच करावे, असे मी म्हणणार नाही. ज्याला स्वतःच्या सवयींची खात्री नाही त्याने चेंबर रिकामे ठेवणेच बरे.

देखभालीत तीन गोष्टी अनपेक्षित निघाल्या. घामामुळे स्लाइडला काही झाले नाही, पण मागच्या साइटच्या कडेला आणि एका पिनेच्या तोंडावर गंजाचे बारीक ठिपके आले. आता रोज रात्री कोरड्या फडक्याने पुसते आणि आठवड्याने तेलाचा हलका हात फिरवते. कपड्यांचे तंतू नळीच्या तोंडात आणि मॅगझिनमध्ये आश्चर्य वाटावे इतके साचतात, आणि तेल जास्त झाले तर ते तेथेच चिकटून बसतात. तिसरी गोष्ट काडतुसांची. रोज रात्री पिस्तूल रिकामे करून सकाळी तेच काडतूस पुन्हा चेंबरमध्ये चढवले, तर दर वेळी गोळीचे नाक चेंबरकडे नेणाऱ्या चढणीवर आपटते आणि गोळी हळूहळू पुंगळीत आत दबते. आतली जागा कमी झाली की दारू जळताना दाब धोकादायक वाढू शकतो. एका काडतुसाची लांबी नव्या काडतुसाशेजारी ठेवून पाहिली तेव्हा फरक नुसत्या डोळ्यांना दिसत होता. ते काडतूस मी वापरले नाही. आता पिस्तूल भरलेल्या स्थितीतच, होल्स्टरसह, कुलूपबंद पेटीत ठेवते आणि ते विनाकारण रिकामे करत नाही.

रोज बाळगायची काडतुसे सरावाच्या काडतुसांहून वेगळ्या आकाराच्या नाकाची असतील, तर ती याच पिस्तुलातून निदान शंभर झाडून पाहावीत, असे माझे मत आहे. ते खर्चिक आहे, परंतु आखूड पिस्तुलात काडतूस मॅगझिनमधून चेंबरपर्यंत अधिक तीव्र कोनातून चढते आणि एखाद्या आकाराशी त्याचे जमत नाही. माझ्या पिस्तुलाला पहिल्या प्रकारातली दोन काडतुसे चढवता आली नाहीत. प्रकार बदलल्यानंतर १२० पैकी एकही अडकले नाही.

नोंदवहीत आजवर १,६४० गोळ्यांची नोंद आहे. पहिल्या २०० नंतर, त्या दोन काडतुसांखेरीज, एकच अडथळा आला. एका वेळी ६० हून अधिक गोळ्या मी झाडत नाही, कारण त्यापुढे धास्ती परत येते आणि कमावलेली पकड बिघडते. बार कानाशी दीडशेहून अधिक डेसिबलचा होतो, म्हणून कानात बोंडे आणि वरून आवरण असे दोन्ही वापरते, डोळ्यांना चष्मा असतोच, आणि काडतुसांच्या टोपीतल्या शिशामुळे परतल्यावर हात थंड पाण्याने आणि साबणाने धुतल्याशिवाय काही खात नाही. जुने पोलादी पिस्तूल मी विकलेले नाही. महिन्यातून एकदा दोन्ही बरोबर नेते, आधी नवे झाडते आणि मग जुने, कारण उलट क्रमाने केले तर हाताला जड पिस्तुलाचा आधार आठवतो आणि पकड सैल पडते. गेल्या महिन्यात नव्याची रिकॉइल स्प्रिंग बदलली. या आकाराच्या पिस्तुलांत ती मोठ्या पिस्तुलापेक्षा लवकर थकते. बदलल्यावर स्लाइड पुन्हा पहिल्या दिवसाइतकी कडक झाली आहे, आणि ती ओढायचा सराव मी रोज सकाळी दहा वेळा करते आहे.